अपडाऊन: वाकडची सोसायटी आणि बाळापूरची सोसायटी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच थोडं नीट करून इथं टाकलंय.)

 

आजचा भाग मी पुण्यातून नाही, घरून रेकॉर्ड करतोय. घर म्हणजे आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. मध्येच मोठा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, नांदेड-हिंगोली रोड इथून लांब नाही.

विषय सुचला तो एका गैरसमजातून. परवा संध्याकाळी बाबा चप्पल घालत म्हणाले, "सोसायटीत जाऊन येतो." मी मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं, "कुणाकडं?" बाबा थांबले. "कुणाकडं काय रे? पीककर्जाचं बघायचंय."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझ्या डोक्यात सोसायटी म्हणजे वाकडमधली आमची बिल्डिंग. गेट, वॉचमन, पार्किंग, मेंटेनन्स, आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्यावरून चाललेली भांडणं. बाबांच्या डोक्यात सोसायटी म्हणजे गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. तिथं सातबारा लागतो, सचिव असतो आणि खरिपाच्या तोंडावर गर्दी होते. एकच शब्द, आणि बापलेकाच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं.

मी शोधायला बसलो, तर कळलं की ही दोन्ही चित्रं एकाच झाडाची फळं आहेत. म्हणून आजचा भाग उपनगरांच्या इतिहासावर. जिथं पगारदार माणसं झोपतात आणि सकाळी दुसरीकडं कामाला जातात, अशी गावं आपल्याकडं कशी तयार झाली? तिथं कोण राहतं? आणि तिथं राहूनही कोण मोजलं जात नाही?

आधी आपला शब्द: अपडाऊन

इंग्रजीत याला भारी शब्द आहेत. आपल्याकडं मराठवाड्यात एकच आहे, अपडाऊन. "सर कुठं राहतात?" "नांदेडला. अपडाऊन करतात." बस, विषय संपला.

बाळापूरला सकाळी नांदेडकडून येणाऱ्या गाड्यांमधून कोण उतरतं बघा. शिक्षक, बँकेतले साहेब, सरकारी कर्मचारी. अर्धापूर मागं टाकून, वारंगा फाट्यावरून, तासाभरात इथं. संध्याकाळी परत. नांदेडला का राहतात? मुलांचे क्लासेस, दवाखाने, चांगली शाळा. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं की नाही, त्याचा घरभाडे भत्ता द्यावा की नाही, यावर गावोगाव वाद झालेत. पण खाली गोष्ट साधी आहे. ज्याच्या हातात दर महिन्याचा पगार असतो, तो कामाचं ठिकाण आणि राहायचं ठिकाण वेगळं ठेवू शकतो. रोजंदारीवाल्याला ती चैन नाही. तो जिथं काम, तिथं झोपतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

मुंबई: रेल्वे, प्लेग आणि पहिली सोसायटी

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. ही तारीख आपण शाळेत पाठ केली. पण त्या दिवशी नेमकं काय शक्य झालं ते शाळेत कुणी सांगितलं नाही. माणूस आता कामापासून दहा-वीस किलोमीटर लांब झोपू शकत होता.

तरी लोक लगेच बाहेर गेले नाहीत. त्यांना ढकललं रोगानं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. दाट चाळी, अंधाऱ्या खोल्या, गटारं, सगळं एकदम सरकारच्या डोळ्यांवर आलं. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनं उत्तरेकडं दादर-माटुंग्याच्या बाजूला जमिनी घेतल्या, रस्ते आखले, प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा हे सगळं त्या आखणीतून उभं राहिलं. फोर्टातल्या ऑफिसात काम करणारा कारकून दादरला राहायला लागला. रोजचं अपडाऊन सुरू.

आता सोसायटी. १९०४ साली इंग्रज सरकारनं सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. कशासाठी? प्रामुख्यानं सावकाराच्या तावडीतल्या शेतकऱ्याला कर्ज मिळावं म्हणून. म्हणजे सोसायटी आधी बाबांची! मग १९१२ साली नवा कायदा आला आणि कर्जाशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. त्याचा फायदा घेऊन १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यातलं मोठं नाव. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या हाउसिंग सोसायट्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं हे कायदे आपल्याला थेट लागू नव्हते. पण १९६० साली महाराष्ट्र झाला, राज्याचा सहकारी संस्था कायदा झाला, आणि बाबांची सोसायटी व माझी सोसायटी एकाच कायद्याखाली आल्या. आजही तसंच आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून दिसते. सोसायटी म्हटलं की सभासद आले. आणि सभासद आले की सभासद नसलेलेही आले. दादरच्या कॉलन्यांची नावंच बघा, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. कोण कुणाच्या शेजारी राहणार, हे आधीच ठरत होतं.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन नावाचं उपनगर उभं राहिलं. बटाट्याच्या शेतांवर एकसारखी हजारो घरं. तिथल्या करारात चक्क लिहिलं होतं की गोऱ्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी तिथं राहायचं नाही. आणि त्याच कलमात पुढं एक सवलत होती: घरकाम करणारे नोकर चालतील.

डबा कुणी नेला?

मुंबईत आणखी एक सोय लागली. साहेब सकाळी लवकर निघणार, जेवण घरचं पाहिजे, मग डबा कोण नेणार? १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. डबेवाले आले कुठून? मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, म्हणजे पुणे जिल्ह्याचा डोंगरी भाग. शेती पावसाच्या भरवशावर, म्हणून पोरं मुंबईला.

का सांगतोय? कारण मुळशी हे नाव परत येणार आहे. हिंजवडी आणि माण ही दोन्ही गावं मुळशी तालुक्यातली. ज्या तालुक्यानं मुंबईच्या अपडाऊनवाल्यांचा डबा वाहिला, तोच तालुका शंभर वर्षांनी स्वतः अपडाऊनचं ठिकाण झाला.

वाकड: शेतापासून टॉवरपर्यंत

पिंपरी-चिंचवड आधी कारखान्यांचं गाव. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग टेल्को, बजाज ऑटो अशा कंपन्यांमुळं पूर्ण पट्टा बदलला. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. मराठवाड्यातली कितीतरी माणसं त्या काळात आयटीआय करून इकडं आली. तुमच्या ओळखीतही एखादे काका असतील, भोसरीला किंवा चिखलीला राहणारे. ते कारखान्याजवळच राहायचे, सायकलवर शिफ्टला जायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुसरी लाट आली. हिंजवडीला एमआयडीसीनं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आखला. १९९७ साली वाकडसह आसपासची गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेतली. हिंजवडी मात्र ग्रामपंचायतच राहिली. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला. आता हे चारही तुकडे जोडा. कामाचं ठिकाण ग्रामपंचायतीत, राहायचं ठिकाण महापालिकेत, मध्ये एक हायवे, आणि हजारो लोक एकाच वेळी निघणार. भूमकर चौकातली गर्दी काही नशिबाचा खेळ नाही, ती या रचनेतूनच आलीय.

आकडे बघा. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ ला सुमारे ५ लाख, २००१ ला १० लाख, २०११ ला १७ लाखांच्या वर. वीस वर्षांत तिपटीहून जास्त. त्याच २०११ च्या जनगणनेत आपला अख्खा हिंगोली जिल्हा ११,७७,३४५. म्हणजे पाच तालुके, सगळी गावं, आपण सगळे मिळून त्या एका महापालिकेपेक्षा कमी.

जमिनीचं काय झालं? एक वेगळं उदाहरण पुण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. हडपसरला मगर मंडळींसह शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि विकून मोकळं न होता मगरपट्टा सिटी स्वतः उभी केली. शेतकरी कंपनीत भागीदार झाले. पण सगळीकडं असं झालं नाही. बऱ्याच ठिकाणी शेत गुंठ्यानं गेलं, काहींचे बंगले झाले, काहींचे पैसे संपले.

एक दिवस, दोन रांगा

आता आमच्या सोसायटीतला साधा मंगळवार.

सकाळी सहा. गेटवर पहिली रांग, आत येणारी. दूधवाला, पेपरवाला, गाड्या पुसणारी पोरं. सात वाजता स्वयंपाकाच्या मावश्या, मग झाडूपोछावाल्या, मग लहान लेकरांना सांभाळणाऱ्या बायका. प्रत्येकीनं गेटवर थांबायचं, गार्ड अ‍ॅपमध्ये नोंद करणार, आमच्या फोनवर टिंग वाजणार.

आठ वाजता स्कूलबस. नऊला दुसरी रांग, बाहेर जाणारी. कार, दुचाकी, कंपनीच्या बसेस. चेहरे बघितले तर बहुतेक पंचवीस ते पंचेचाळीसमधले. नवराबायको दोघं कमावणारे, एक मूल. म्हातारी माणसं कमी, आणि जी आहेत ती बरेचदा हंगामी. सहा महिने लेकीकडं पुण्यात, सहा महिने गावी. नातू सांभाळायला आलेले आजोबा बाकावर बसून गावाकडच्या पावसाची चौकशी फोनवर करतात. त्या बाकावर लातूर, अकोला, सोलापूर, बिदर सगळं शेजारी शेजारी बसलेलं असतं.

मुंबईच्या लोकलनं निदान दोन्ही रांगांना एकाच फलाटावर उभं केलं. डबे वेगळे, पण फलाट एक. वाकड-हिंजवडीला ते झालं नाही. उपनगर आधी आलं, मेट्रोची पायाभरणी झाली डिसेंबर २०१८ मध्ये. त्यामुळं ज्याच्याकडं कार आहे तो कारमध्ये अडकतो, आणि मावशी चालत येते.

मामा

रात्रपाळीच्या गार्डला मी सुरुवातीला काका म्हणायचो. एकदा गावाहून येताना ट्रॅव्हल्स पहाटे चारला पोचली. माझ्या हातात आईनं दिलेली हळदीची पिशवी. त्यांनी बघितलं.

"घरची हळद दिसतीय सर. कोणतं गाव?"

"बाळापूर."

"आखाडा बाळापूर? अहो, आम्ही कळमनुरी तालुक्याचेच की!"

त्या दिवसापासून ते मामा आणि मी भाऊ. दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन. भावांत वाटणी झाली. लेकरं गावाकडं आजीपाशी. ते आणि मामी इथं, पार्किंगच्या मागच्या खोलीत. मामी तीन घरांत स्वयंपाक करते. एकाच तालुक्यातून, एकाच रस्त्यानं, एकाच ट्रॅव्हल्सनं आम्ही आलो. मी बीटेक करून आलो, ते पाऊस गेल्यावर आले. अ‍ॅपमध्ये मी 'रहिवासी' आणि मामी 'मेड'. मी आठवड्यातले पाच दिवस दिवसभर बाहेर असतो. मामी चोवीस तास आत असते. तरी नोंद 'येणारी' म्हणून तिची होते.

मी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणून मला हे जास्त टोचलं. कुणीतरी माझ्यासारख्याच माणसानं तो ड्रॉपडाऊन बनवला असणार. त्यात 'इथं राहते पण सभासद नाही' असा पर्याय टाकायचं त्याला सुचलं नसेल. मलाही सुचलं नसतं.

तसा मीही सभासद नाही. भाडेकरू आहे, सर्वसाधारण सभेत मत नाही. पण माझ्या नावाचा भाडेकरार आहे, घरी सिलेंडर येतो, बँकेत पत्ता आहे.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, तेव्हा हे सगळं उघडं पडलं. मी तोपर्यंत कसाबसा बाळापूरला पोचलो होतो. गच्चीवर लॅपटॉप, लाइट गेली की मोबाइलचं नेट, आणि हिंजवडीचं काम इथून. काही महिने बाळापूरच हिंजवडी झालं होतं म्हणा ना. दोन्ही रांगा थांबल्या होत्या. मी नंतर मामांना विचारलं, तुम्ही कुठं होता?

"कुठं जाणार भाऊ? गेट बंद, आम्ही आत. दीड महिना गेटाबाहेर पाय नाही."

म्हणजे ज्या दिवसांत आम्ही रहिवासी गावाला होतो, त्या दिवसांत सोसायटीत खरोखर राहत होते ते मामा-मामी.

पाणी आणि २०११

आता पाण्याकडं येऊ. कारण उपनगराचा हिशोब शेवटी नळाला लागतो.

पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी येतं मावळातल्या पवना धरणातून. धरणातून थेट बंद पाइपलाइननं पाणी आणायची योजना आली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी एक्सप्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन झालं. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले. योजना थांबली. आणि नोव्हेंबर २०१९ पासून शहराला एक दिवसाआड पाणी सुरू झालं. मधली तूट टँकर भरून काढतात, पैसे आम्ही मेंटेनन्समधून देतो. ग्रुपवर भांडण होतं ते टँकरच्या बिलावरून. पाणी कुणाच्या वाट्याचं आहे, यावर तिथं कधीच चर्चा झालेली मी बघितली नाही.

आणि हे सगळं नियोजन कोणत्या आकड्यावर? देशाची शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोविडमुळं पुढं गेली. वाकड, ताथवडे, पुनावळेचे कितीतरी टॉवर २०११ नंतरचे. म्हणजे आमची बिल्डिंग सरकारच्या त्या वहीत अजून शेतच आहे! महापालिकेचे प्रभागसुद्धा २०११ च्याच लोकसंख्येवर आखले गेले.

आता नवी जनगणना येतेय. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मोबाइलवरून स्वतः माहिती भरायची सोयही असणार आहे. जनगणनेत माणूस मोजला जातो तो नेहमी राहतो तिथं. सातबारा कुठं आहे, मतदान कुठं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. जन्म कुठं झाला, आधी कुठं राहत होता, का आला, हेही विचारतात. २०११ ला तर बेघर माणसांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री रस्त्यावर जाऊन केली होती. म्हणजे जनगणना सोसायटीपेक्षा मोठ्या मनाची आहे. तिला सभासद आणि बिगरसभासद हा फरक कळत नाही.

परत बाबांच्या सोसायटीत

बाबा परवा सोसायटीतून आले, तेव्हा मी हे सगळं त्यांना सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील पुणं असंच, तिथं माणुसकी नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या सोसायटीत तरी कोण सभासद? ज्याच्या नावावर सातबारा. आपलं रान बटईनं करणाऱ्याला कर्ज मिळतं का?"

नाही मिळत. आमचं रान कितीतरी वर्षं दुसरंच कुटुंब बटईनं करतं. पेरणी त्यांची, राखण त्यांची, कागदावर नाव आमचं. मी वाकडच्या गेटवर बोट दाखवत होतो, आणि बाबांनी ते बोट वळवून आमच्याच बांधावर आणून ठेवलं.

मग मला वाटतं, आपण करू शकतो असं एक छोटं काम आहे. २०२७ ला प्रगणक तुमच्या सोसायटीच्या गेटवर येईल, तेव्हा त्याला फक्त फ्लॅटची यादी देऊन परत पाठवू नका. पार्किंगच्या मागची खोली दाखवा. टेरेसवरच्या खोलीत राहणारा लिफ्टवाला सांगा. शेजारच्या साइटवरच्या पत्र्याच्या शेडकडं बोट करा. आणि तुम्ही स्वतः पुण्यात राहत असाल, तर "माझं नाव गावाकडं लिहा" असं घरच्यांना सांगू नका. जिथं पाणी पिता, जिथं रस्ता वापरता, तिथं मोजले जा. गाव त्यानं तुटत नाही. जन्मठिकाणाच्या रकान्यात हिंगोली लिहायचंच आहे.

उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मी परत निघतोय. आईनं दोन पिशव्या भरल्यात, एक आमची आणि एक मामांच्या घरून आलेली. त्यांच्या आईनं कुणाच्या तरी हाती बाळापूरपर्यंत पोचवली. पहाटे गेटवर ती त्यांच्या हातात देईन, मग अ‍ॅपवर टिंग वाजेल किंवा नाही वाजणार.

तुमच्या सोसायटीत, म्हणजे दोन्हीपैकी कोणत्याही सोसायटीत, असं कोण राहतं जे यादीत नाही? व्हॉइस मेसेज करून सांगा. चांगले मेसेज पुढच्या भागात ऐकवू.

चला मंडळी, काळजी घ्या. गाडी भूमकर चौकात अडकली तर हा भाग पुन्हा ऐका, वेळ भरपूर मिळेल. भेटू!